चार गावची पाखरं

मित्रांनो, त्या दिवशी दाणा उशिरा आला. रोज ऊन पत्र्यावर चढायच्या आत आम्रपाली ज्वारीची वाटी घेऊन यायची. त्या दिवशी पत्रा तापला तरी अंगणात कोणी फिरकले नाही. पाखरे जाळीला चिकटून उभी होती. मग मिरजेहून गाडी आली. अंगणात माणसे जमली, बायकांचा आवाज झाला. बऱ्याच वेळाने स्वप्ना आली. स्वप्ना म्हणजे आम्रपालीची मुलगी. आम्रपाली दाणा टाकताना सारखी बोलायची. स्वप्नाने नुसती वाटी उपडी केली, जाळीला कपाळ टेकले आणि म्हणाली, "आई गेली रं पाखरांनो." मला असे कळले.

मी एक जुनी ढाबळ आहे. ढाबळ म्हणजे कबुतरांचे घर. कवठे महांकाळला, आमच्या बौद्ध वस्तीत, मिलिंदच्या अंगणात मी उभी आहे. मिलिंद एसटीच्या आगारात मेकॅनिक. एक्क्याण्णव साली त्याने मला बांधून घेतले. माझे खांब बाभळीचे, फळ्या आंब्याच्या. पुढची तारेची जाळी बेदाण्याच्या शेडमधली आहे. आमच्या भागात द्राक्षे वाळवून बेदाणे करतात. शेडमधली जाळी जुनी झाली की टाकून देतात, ती मिलिंदने मागून आणली. त्यामुळे पहिले वर्षभर मला गोडसर वास यायचा आणि मुंग्या लागायच्या. म्हणून आम्रपालीने माझ्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या.

नाथाजी सुतार मला ठोकत होता तेव्हा म्हणाला, "मिलिंदा, दार जरा मोठं ठिवू का? कवा बायकू रागावली तर तुलाबी आत झोपता यील."

मिलिंद काही बोलायच्या आत चुलीपासून त्याच्या बायकोचा, आम्रपालीचा आवाज आला, "मोठंच ठिवा नाथाजीभाऊ. न्हाईतर दारात अडकून बसतील, आन मलाच वढून काढावं लागंल."

हौस मुळात तिचीच होती. तिचे माहेर औंधचे. लहानपणी तिने तिथे एका मोठ्या घराच्या अंगणात पांढरी लक्का कबुतरे पाहिली होती. लक्का कबूतर शेपटीचा पंखा उभा धरते आणि छाती काढून चालते. ती फाटकाबाहेर उभी राहून बघायची. आत ये असे तिला कोणी म्हटले नाही. तीही गेली नाही. लग्न झाल्यावर तिने मिलिंदला एकच गोष्ट सांगितली होती. तिला स्वतःच्या अंगणात, अंड्यातून निघालेले एक लक्का बघायचे होते. विकत आणलेले नको, आपल्याकडे जन्मलेले हवे.

मी तयार झाले त्याच आठवड्यात मिलिंद मिरजेच्या बाजारातून जोडी घेऊन आला. पांढरीशुभ्र पाखरे. दोन्ही एकमेकांच्या मानेवरून चोच फिरवायची. आम्रपालीने निंबाच्या काड्या आणून दिल्या. त्यांनी माझ्या कोपऱ्यात खोपा केला. कबुतराची मादी एका वेळी दोन अंडी घालते. माझ्या खोप्यात चार दिसली. मिलिंदला आनंद झाला. त्याने आगारात पेढे वाटले. पाखरे आळीपाळीने बसून राहिली. दिवस भरले, उलटून गेले, अंडी तशीच. शेवटी आम्रपालीने एक फोडून बघितले. आत नुसते पाणी.

ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले. "आवं, ह्या दोघीबी माद्या हायत. तुमी जोडी म्हणून मला दोन नणंदा आणल्यात."

आगारात पेढे खाल्लेली माणसे पुढे कितीतरी दिवस मिलिंदला विचारत होती, "नणंदा कशा हायत?"

मिलिंद मनाला लावून घेणारा माणूस. तो थेट सांगलीला गेला. तिथे हिंदुराव नावाचे फौजेतून परत आलेले गृहस्थ होते. त्यांच्या गच्चीवर ढाबळीच ढाबळी. पुढे ते एकदा मला बघायला आले. माझ्याभोवती फिरले, जाळी हलवून पाहिली आणि खाटेवर बसून बोलले. ते मला शब्द न् शब्द आठवते.

"गड्या, तुमी लोकं आधी अंडी बघता. जल्दीबाजी न्हाई करायची. आधी पाखरं जमवायची. चार गावची आण. एका रक्ताची जोडी लावलीस तर पिल्लं अधू निघत्यात. नर एका अंगाला ठिव, माद्या एका अंगाला. त्यांची चाल बघ, तब्येत बघ. समदी तयार झाली, की मगच जोड्या लाव. आन नवं पाखरू आणलं, की आधी म्हैनाभर येगळं ठिवायचं. लगेच आत सोडायचं न्हाई."

"म्हैनाभर?" आम्रपाली म्हणाली. "एकटंच?"

"वहिनी, पलटणीत रंगरूट आला तर आधी त्याला डाक्टर बघतो," हिंदुराव म्हणाले. "मग बरॅकीत."

दुसऱ्याच दिवशी मिलिंदने माझ्या मधोमध सरकती फळी बसवली आणि दुसरे दार केले. उजवीकडे नर, डावीकडे माद्या. शेजारचा कृष्णात कुंपणावरून बघत होता. "मिलिंदराव, वसतिगृह काढलं व्हय? पोरांचं येगळं, पोरींचं येगळं?"

"व्हय," आम्रपाली म्हणाली. "आन रेक्टर मी हाय. कुंपणावरून डोकवायचं न्हाई."

तिथून माझी खरी कामाची वर्षे सुरू झाली. मिलिंद सुट्टीच्या दिवशी एसटीने जायचा. कधी सांगलीला, कधी इस्लामपूरला, कधी कराडला. मांडीवर झाकणाची टोपली. एकदा टोपलीतून घुमण्याचा आवाज आला, तेव्हा कंडक्टरने विचारले, "ह्यांचं हाफ काढू का?" तो नर घरी आला तेव्हा त्याचे नाव कंडक्टरच पडले. तोही सारखा घुमत असायचा, जणू पुढे सरका, पुढे सरका म्हणतो आहे. नावे आम्रपाली ठेवायची. छाती सर्वांत पुढे काढणारा सरपंच. जाड मानेचा पैलवान. माद्यांमध्ये एक सावकाश पाय टाकत सगळ्यांवर नजर ठेवायची, ती मास्तरीण. दुसरी अगदी पांढरी, ती सिस्टर.

एका थंडीत मोठे नुकसान झाले. मिलिंद कराडहून एक मादी घेऊन आला आणि लगेच ड्युटीवर गेला. मादी टोपलीत एकटी. बाहेर बोचरे वारे. ती अंग फुगवून, डोळे मिटून बसली होती. आम्रपालीला वाटले, थंडी वाजते आहे. ती बालवाडीत शिकवायची. नवीन आलेल्या रडक्या पोराला ती आधी इतर पोरांच्या मधे बसवायची, म्हणजे ते गप्प होई. तिने पाखराचेही तसेच केले. टोपली उघडली आणि मादीला माझ्यात, बाकीच्या माद्यांच्या मधे सोडले.

ती थंडी नव्हती, मानमोडी होती. थोड्याच दिवसांत एकेका पाखराची मान वळू लागली. दाणा टिपायला जावे तर चोच भलतीकडेच पडायची. माझ्या फळ्यांवर हिरवी घाण साचली. निम्म्याहून जास्त पाखरे गेली. मिलिंदने ती परसात पुरली, मला चुन्याने धुतले आणि उन्हात उघडे ठेवले. तो तिला एका शब्दानेही बोलला नाही.

"बोला की कायतरी," ती म्हणाली. "शिव्या द्या. मीच सोडली तिला आत."

"काय बोलू? पाखरं काय माझी एकट्याची हुती?" तो म्हणाला आणि माझी जाळी पुसत राहिला.

मित्रांनो, त्या थंडीनंतर मिलिंद फार जपून वागू लागला. हिंदुरावांनी सांगितले होते त्यापेक्षाही जास्त. एखादी मादी तयार झाली, तरी तो म्हणायचा, अजून एक पावसाळा जाऊ दे. एखादा नर शिंकला, की म्हणायचा, यंदा नको. पुन्हा कराड, पुन्हा इस्लामपूर. पुन्हा टोपलीत महिनाभर. स्वप्ना शाळा संपवून डी.एड.ला सांगलीला गेली तरी माझ्यातली फळी जागची हलली नव्हती. आम्रपाली कधी चिडायची.

"आवं, माणसांची लग्नं तुमच्यासारखी जपून लावली असती तर गावात एक पोर झालं नसतं."

"चार जोड्या पुऱ्या हूं देत," तो म्हणायचा. "मग एकदमच लावू."

त्या दोघांनी कामे वाटून घेतली होती. पाखरे आणायची, खोपे करायचे, मला रंग द्यायचा, हे मिलिंदचे. कुणाची जोडी कुणाशी, हे तिने ठरवायचे. ते तिच्या मनात पक्के झाले होते. मिलिंदने विचारले की ती सांगायची नाही.

"कंडक्टरला कोण देणार हायस?"

"कळंल."

"सरपंचाला मास्तरीण दिऊ नको. गावात भांडणं लागतील."

"लग्न जमवायचं काम बायकांचं," ती म्हणायची. "तुमी मांडव घाला. फळी काढायच्या दिवशी सांगते."

तोही मग हसून सोडून द्यायचा. त्याला कुठे घाई होती?

शेवटचा नर साताऱ्याहून आला. पांढरा, फक्त शेपटीचा पंखा राखी. औंधच्या त्या घरात अशा रंगाचेही एक पाखरू होते, असे आम्रपाली म्हणायची. त्यासाठी मिलिंदने साताऱ्याला कितीतरी खेपा घातल्या होत्या. मालक द्यायला तयार नव्हता. शेवटी तयार झाला, तोवर आम्रपाली आजारी पडली होती. पोटात दुखायचे. ते दुखणे तिने बालवाडीची सुट्टी लागेपर्यंत, मग स्वप्नाची परीक्षा होईपर्यंत ढकलले होते. मिरजेच्या दवाखान्यात तपासले तेव्हा गाठ निघाली.

साताऱ्याच्या नराची टोपली महिनाभर तिच्या खाटेजवळ होती. ती पडल्या पडल्या त्याला हातावर बाजरी द्यायची. महिना झाल्यावर मिलिंदने त्याला माझ्यात सोडले. उजवीकडे चार नर, डावीकडे चार माद्या. ती भिंतीला धरून अंगणात आली आणि माझ्या खांबाला टेकून उभी राहिली. पूर्वी ती टेकली की माझी फळी करकरायची. त्या दिवशी करकरली नाही.

"झाली न्हवं जमवाजमव?" ती म्हणाली.

"झाली," मिलिंद म्हणाला.

"मग काढा की फळी."

"आता आपरेशन हाय. तू बरी हून ये. नवीन नर जरा रुळू दे. बुद्ध पौर्णिमेला काढू."

तिने जाळीतून एकेका पाखराकडे बघितले. मग म्हणाली, "बरं. आले की सांगते कोण कुणाला."

दुसऱ्या दिवशी ती मिरजेला गेली. पुढचे मी सुरुवातीलाच सांगितले आहे.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. पांढऱ्या कपड्यांतली माणसे बसली होती. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोंना फुले वाहून झाली. सगळ्यांनी त्रिशरण, पंचशील म्हटले. मग मिलिंदची थोरली बहीण आक्काताई उठली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली. आक्काताई मनाची चांगली बाई. आम्रपालीवर तिचा फार जीव होता. ती रडत होती.

"मिलिंदा, आपुन जिवाला तरास दिऊ नये म्हणतो. आन हे जीव कोंडून ठिवलेत व्हय रं? सोड समद्यांस्नी. तिच्या नावानं मोकळं कर. तिला पुण्य लागंल."

पंचशील सांगणारे गुरुजी हळूच म्हणाले, "आक्का, जीव मारू नये असं आहे. पाळलेलं सोडून द्यावं असं कुठं आहे?"

"तुमी गप बसा वो गुरुजी," आक्काताई म्हणाली. "तुमची गेलीया व्हय?"

मिलिंद उठला. त्या दिवसांत त्याला जो जे सांगेल ते तो करत होता. जेव म्हटले की जेवत होता, नीज म्हटले की निजत होता. त्याने माझी दोन्ही दारे सताड उघडली. स्वप्ना धावत आली. "बाबा, ही लक्का आहेत. ह्यांना बाहेर जगता येत नाही!" पण तोवर आक्काताईने टाळ्या वाजवून पाखरे बाहेर काढली होती.

लक्का फार उडत नाही. पाखरे सतरंजीवर उतरली आणि छाती काढून माणसांच्या मधून चालू लागली. काही लोकांना त्यातही हसू आले. मास्तरीण गुरुजींच्या पायापाशी थांबली. कंडक्टर पाण्याच्या घागरीवर जाऊन घुमू लागला. साताऱ्याचा नर तेवढा माझ्या पत्र्यावर चढून बसला. आमचा भाग उघडा, वैशाखात वारे फार. एक झोत आला आणि त्याच्या शेपटीच्या पंख्यात वारे भरले. तो उचलला गेला, निंबावरून, बालवाडीच्या कौलांवरून पलीकडे गेला. बाकीच्यांना मी ओळखीची होते. त्याला नव्हते. माझ्यात येऊन त्याला थोडेच दिवस झाले होते. आपले घर कोणते हे त्याला ठाऊक नव्हते.

मिलिंद तसाच अनवाणी धावला. कृष्णात सायकल काढून माळाकडे गेला. दोघे रिकामे परत आले. आक्काताई पायरीवर बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होती. मिलिंदने तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे आक्का. तुला काय ठावं?"

दिवस मावळायच्या सुमारास उरलेली पाखरे आपणहून माझ्यात आली. काही माद्या उजवीकडे शिरल्या, काही नर डावीकडे, सगळी सरमिसळ झाली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दोन्ही बाजूंना नर आणि माद्या एकत्र होत्या. मिलिंद आत हात घालून एकेकाला अलगद उचलू लागला. नर उजवीकडे, माद्या डावीकडे.

"बाबा, आता कशाला वेगळे करताय?" स्वप्ना म्हणाली. "राहू द्या ना. त्यांचं ती बघून घेतील."

"तिनं ठरवलं हुतं," तो म्हणाला.

"काय ठरवलं होतं? तुम्हाला माहीत आहे?"

त्याने मान हलवली. नाही. हातात सिस्टर होती. तिला त्याने माद्यांच्या बाजूला ठेवले आणि दोन्ही दारे लावली.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, तू तर दिवसभर तिच्याजवळ होतीस, तुला माहीत असेल. नाही. ती माझ्याजवळ उभी राहून पाखरांना हाका मारायची, रागवायची, गाणी म्हणायची. बालवाडीतल्या पोरांच्या गमती सांगायची. पण जोड्यांविषयी एकदाही मोठ्याने बोलली नाही. मी लाकूड आणि जाळी. मला एवढेच माहीत आहे की ती कधी कधी एका मादीकडे बघायची, मग फळीच्या पलीकडे एका नराकडे बघायची, आणि ओठ मिटून हसायची. कोणत्या मादीकडे आणि कोणत्या नराकडे, ते मी पाहिले नाही. तेव्हा पाहावे असे वाटले नाही. ती रोजच येणार होती.

आता एक वर्ष झाले. हिंदुराव मध्ये एकदा येऊन गेले. "गड्या, एक नर गेला म्हणून काय झालं? माझ्याकडचा घेऊन जा. फळी काढ, पाखरं आपली आपण जोडीदार निवडत्यात," असे म्हणाले. मिलिंद "व्हय" म्हणाला. त्यांना चहा दिला, स्टँडपर्यंत सोडून आला. नर आणायला गेला नाही.

तो पाखरांची हेळसांड करत नाही. दाणा वेळेवर टाकतो. पाणी रोज बदलतो, विटेचा चुरा आणि मीठ घालतो. पण माझ्याकडे त्याचे लक्ष नाही. पायांखालच्या वाट्या कोरड्या पडल्या आहेत आणि मुंग्या पुन्हा चढू लागल्या आहेत. पत्र्याचा एक खिळा उपसला आहे, वारे आले की तो आपटतो. तेव्हापासून रंगाचा हात फिरलेला नाही. आतल्या बाजूला एक फळी कुजते आहे. तशी मी अजून काही वर्षे उभी राहीन. पाखरांना तेवढी वर्षे नाहीत. मास्तरीण हल्ली खालच्याच फळीवर बसते, वर उडत नाही. सरपंचाची छाती उतरली आहे.

मादी एकटी असली तरी अंडी घालते. डावीकडच्या माद्या एकमेकींजवळ बसून अंडी घालतात. ती रिकामी असतात. पाखरांना ते कळत नाही, त्या उबवत बसतात. मिलिंद काही दिवस त्यांना बसू देतो. मग हात घालून अंडी काढून घेतो आणि परसात नेतो. त्या वेळी तो त्यांच्याशी थोडे बोलतो. काय बोलतो ते सांगण्यासारखे नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी ढाबळ असेल, खुराडे असेल, गोठा असेल, तर त्याचे खिळे बघत जा. पायांखाली पाणी ठेवा. नवे पाखरू कितीही केविलवाणे दिसले तरी आधी वेगळे ठेवा. आणि ज्या माणसाबरोबर तुम्ही एखादी हौस करता, त्याच्या मनात काय आहे ते त्याला विचारून घ्या. त्याने हसून टाळले तर पुन्हा विचारा. सगळे जमल्यावर विचारू, असे म्हणू नका.

परवा स्वप्ना सुट्टीला आली होती. तिने माझ्यातल्या फळीला तेल लावले. फळी आता बोटाने सरकते. तिने बाबांना हाक मारली. मिलिंद आला, फळीवर हात ठेवला आणि आत बघत उभा राहिला. तीन नर, चार माद्या. मग तो म्हणाला, "बघू," आणि ड्युटीवर गेला.

जोड्या अजून लावलेल्या नाहीत.